कळलावी वाळली म्हणून पाणी वाढवू नका

तुमच्या कळलावीला कुठलाही रोग झाला नव्हता. ऑक्टोबरात पानं पिवळी पडू लागली, ती तिची जमिनीखाली परतायची वेळ होती. नेमकं तेव्हाच तुम्ही पाणी वाढवलंत, वरून शेणखत घातलंत, आणि जानेवारीत कुंडी उकरलीत तेव्हा कंदाचा चिखल हाताला लागला. दोन महिने फुललेला वेल डोळ्यांदेखत वाळताना पाहिला की जीव तुटतो आणि हात आपोआप झारीकडे जातो. माझे पहिले तीन कंद मीही असेच घालवले आहेत. आता तुम्ही विचारलंय की यंदा पुन्हा लावायची तर कुंडीत की जमिनीत, गच्चीवर उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते त्याचं काय करायचं, आणि घरात कुत्रा आहे तर ती लावावी का. कुत्र्याचा प्रश्न वेगळा आहे, त्याच्याकडे सावकाश येते. बाकी दोन्हींचं उत्तर या झाडाच्या वर्षभराच्या चालीत आहे.

कळलावी दुष्काळ सोसते, ती त्या काळात जमिनीवर हजरच न राहून. निवडुंग पाणी साठवतो, बाभूळ मूळ खोल नेते. कळलावी पावसाच्या चार-साडेचार महिन्यांत सगळं उरकते: फुटणं, चढणं, फुलणं, बी धरणं, आणि पुढच्या वर्षाचा कंद भरून ठेवणं. मग वरचा सगळा पसारा टाकून देते. कोकणात गडग्यांवर आणि करवंदीच्या जाळीत, घाटाच्या पायथ्याला झुडपांमध्ये, देशावर ओढ्याकाठच्या कुंपणात ती श्रावण-भाद्रपदात पेटल्यासारखी दिसते. त्याच जागी एप्रिलात जाऊन पाहा. तापलेली माती, वाळकं गवत, कळलावीची खूणही नाही. कंद मात्र खाली कोरड्या मातीत पडून असतो. डिसेंबरपासून मृगापर्यंत, सहा महिने, त्याला तिथे कुणी पाणी घालत नाही.

म्हणून उन्हाळ्यातल्या टंचाईची काळजी सोडून द्या. तुमच्या गच्चीवर जेव्हा पाणी नसतं तेव्हा कळलावीला ते नकोच असतं. झोपलेल्या कंदाला पाणी ओढणारी पानं नसतात, चालती मुळं नसतात. घातलेलं पाणी मातीत तसंच राहतं, माती गारढोण आणि घट्ट होते, आणि बुरशीला मऊ पिठूळ कंद आयता मिळतो. शेणखतानं तर तिचं काम आणखी सोपं होतं. घरच्या बागेत कळलावी मरते ती बहुतेक वेळा अशी, मायेपोटी.

आणखी एक गोष्ट लक्षात आली की पुढचं सगळं वागणं आपोआप सुधारतं. तुम्ही जूनमध्ये जो कंद लावता, तो डिसेंबरात सापडत नाही. वेल वाढताना जुना कंद रिकामा होत जातो, शेवटी त्याची सुरकुतलेली साल तेवढी उरते. दरम्यान खोडाच्या बुडाशी नवा कंद तयार होतो. म्हणजे पुढच्या वर्षी किती फुलं येणार हे ठरतं ते यंदाची पानं किती दिवस हिरवी राहिली त्यावरून. फुलं संपली म्हणून हिरवा वेल छाटून कुंडी ‘साफ’ करणारे लोक पाहिले की मला वाईट वाटतं. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या कुंडीत चार पानांचं किडकिडीत रोप येतं आणि ते म्हणतात की कंदच खराब निघाला.

नावाबद्दल थोडं सांगते, कारण खरेदी करताना त्याचा उपयोग होतो. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा, लिनियसनं १७५३ मध्ये दिलेलं. आपल्याकडे कळलावी, अग्निशिखा, इंदई, खड्यानाग, वाघनखी, गौरीचे हात अशी नावं आहेत. संस्कृतात लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर, आणि कंद हातात घेतला की हे नाव किती नेमकं आहे ते दिसतं. काही भागांत तिला बचनागही म्हणतात आणि तिथे घोटाळा होतो, कारण हिमालयातला बचनाग हे पूर्णपणे वेगळं झाड आहे. दोन्ही जहाल विषारी, एवढंच साम्य. ही वनस्पती भारतात आणि आफ्रिकेतही मूळची आहे. तामिळनाडूचं ते राज्यफूल आहे, झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल आहे. तीच कळलावी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर पसरली आणि तिथे ती उपद्रवी तण ठरली. आपलं ते आपल्या जागी शोभतं, असं जे मी देशी झाडांबद्दल सारखं म्हणत असते त्याला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

देशी म्हणून घ्यायची असेल तर फूल पाहून घ्या. आपल्या रानातल्या कळलावीच्या पाकळ्या अरुंद असतात आणि कडा इतक्या दाट चुणीदार असतात की कुणी चिमटे काढून झालर केल्यासारखी वाटावी. रोपवाटिकांत ‘रॉथ्सचाइल्डियाना’ नावानं जो प्रकार मिळतो त्याच्या पाकळ्या रुंद, कडा जवळजवळ सपाट, रंग गडद किरमिजी आणि काठाला पिवळी किनार. तो आफ्रिकेकडचा. सुंदर आहे, वाढवायची रीतही तीच, पण तो आपल्या बांधावरचा नाही. मी एकदा एका रोपवाटिकेतून ‘अस्सल देशी’ म्हणून चार कंद मागवले, दोन महिने निगा राखली आणि चारही रुंद पाकळ्यांचे निघाले. कंदावरून फरक कळत नाही. त्यामुळे शक्यतो ज्याच्याकडे फुललेली पाहिली आहे त्याच्याकडूनच कंद किंवा बी घ्या. रानातून मात्र उपटून आणू नका. औषधी कंद म्हणून आधीच तिची ओरबाड चालू असते, आणि फुललेला वेल उपटला तर हाती येतो तो अर्धा रिकामा जुना कंद आणि अर्धा भरलेला नवा. दोन्ही जगत नाहीत.

आता कुत्रा. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसीन नावाचं द्रव्य असतं, कंदात आणि बियांत विशेष. औषधनिर्मितीत त्याला मोल आहे. गाउट या सांध्यांच्या दुखण्यावर कोल्चिसीन वापरतात, आणि तामिळनाडूत शेतकरी बियांसाठी कळलावीची रीतसर शेती करतात. पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. शिजवल्यानं विष जात नाही. पोटात गेल्यावर लगेच काही होत नाही, काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि पुढच्या दिवसांत एकेक अवयव निकामी होऊ शकतो. यावर सहज मिळणारा उतारा नाही. कंद दिसायला रताळ्यासारखा किंवा रानातल्या करांद्यासारखा असतो, आणि तसा समजून खाल्ल्यानं माणसं दगावलेली आहेत. ‘कळलावी’ हे नाव बाळंतपणाच्या कळा आणण्यासाठी पूर्वी होणाऱ्या वापरावरून पडलं. आयुर्वेदात तिची गणना उपविषांत होते. घरी कुठल्याही कारणासाठी, उगाळून, लेप म्हणून, काढा म्हणून, ती वापरू नये.

मग लावावी का? घरात रांगणारं, दिसेल ते तोंडात घालणारं मूल असेल तर माझं उत्तर नाही असं आहे. दोन-तीन वर्षं थांबा, कळलावी कुठे जात नाही. कुत्र्याच्या बाबतीत त्याचा स्वभाव पाहा. पिल्लू असेल, चावाचावी करत असेल, तर तेही मोठं होऊ द्या. वयात आलेला, झाडांच्या नादी न लागणारा कुत्रा असेल तर खरा धोका एकच, उकरणं. कुत्री उकरतात ती वासानं. हाडांचा चुरा, पेंड, ताजं शेणखत यांचा वास आला की तीच कुंडी त्यांना हवी असते, म्हणून यातलं काहीही कळलावीच्या कुंडीत घालू नका. कंद लावून झाला की मातीवर एक इंच छिद्रांची कोंबडीजाळी अंथरा आणि कडेनं तारेनं कुंडीला बांधून टाका. कोंब छिद्रातून वर येतो, पंजा आत जात नाही. कुंडी कठड्यावर किंवा कुत्र्याच्या आवाक्याबाहेरच्या उंच ओट्यावर ठेवली तर आणखी बरं. आणि कधी काही खाल्ल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न पाहता, झाडाचा तुकडा बरोबर घेऊन, माणसाला इस्पितळात आणि जनावराला पशुवैद्याकडे न्यायचं. त्या पहिल्या काही तासांनाच किंमत असते.

हे सगळं वाचूनही लावायची असेल तर तुमच्या गच्चीवर कुंडीच योग्य. कोरडा काळ पाळणं कुंडीत तुमच्या हातात असतं. जमिनीत ते मातीच्या हातात असतं. जांभ्याच्या किंवा मुरमाड, उताराच्या जमिनीत कळलावी लावून विसरून गेलात तरी चालतं. काळ्या मातीत मात्र परतीचा पाऊस लांबला किंवा डिसेंबर-जानेवारीत अवकाळी आला की ओल आठवडेच्या आठवडे राहते. तिथे लावायचीच असेल तर फूटभर उंच ओटा करून त्यात मुरूम आणि विटांचा चुरा मिसळावा लागतो.

कुंडी निदान बारा इंच खोल आणि तितकीच रुंद घ्या, मातीची असेल तर फारच छान. तळाचं भोक मोठं हवं. मिश्रण मी असं करते: दोन भाग लाल माती, एक भाग जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. मिश्रण जमलं की नाही ते पाहायला कुंडी भरून तिच्यावर तांब्याभर पाणी ओता. पाणी वर तळं करून थांबलं तर वाळू कमी पडली आहे. नुसतं कोकोपीट आणि गांडूळखत घालून हलकीफुलकी कुंडी करायची सध्या पद्धत आहे, ती या झाडासाठी वाईट. वरून सुकलेलं दिसणारं कोकोपीट आतून ओलं असतं.

कंद हातात घ्या. बोटाएवढा जाड, वीतभर किंवा त्याहून थोडा कमी लांब, फिकट बदामी सालीचा, आणि बहुधा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन फाट्यांचा. फाटे जिथे जुळतात तिथे जुन्या खोडाचा वण दिसतो. नवख्या माणसाला वाटतं की कोंब त्या सांध्यातून येणार, आणि तो कंद सांधा वर करून उभा रोवतो. कोंब येतो फाट्याच्या टोकातून. टोक निरखून पाहा, तिथे जोंधळ्याच्या दाण्याएवढा, जरा फिकट रंगाचा उंचवटा असतो. तो डोळा. एका फाट्याला एकच डोळा, आणि बटाट्यासारखे राखीव डोळे कुठेही नसतात. टोक मोडलं की तो फाटा आंधळा झाला, मग तो कितीही जाडजूड असो. म्हणून कंद घेताना आकाराला भुलू नका, टोकं शाबूत आहेत का ते पाहा. पिशवीत बटाट्यासारखे एकमेकांवर टाकलेले कंद घेऊ नका. ते मुळ्यासारखे ठिसूळ असतात आणि टोकं सगळ्यात आधी झिजतात. करंगळीपेक्षा बारीक कंद असेल तर पहिल्या वर्षी नुसती पानंच येतील, हेही धरून चाला.

लावायची वेळ मेअखेर ते मृगाचा पहिला पाऊस. कंद आडवा ठेवायचा, दोन-अडीच इंच खोल, डोळ्याचं टोक कुंडीच्या मध्याकडे आणि किंचित वर. बारा इंची कुंडीत दोन फाट्यांचा एक कंद पुरे. हातमोजे घाला. कंद कापावा लागला किंवा साल निघाली तर मोजे हवेतच, आणि नंतर हात साबणानं धुवायचे. लावल्यावर एकदा बेताचं पाणी, मग कोंब दिसेपर्यंत माती फक्त दमट. दोन-चार आठवड्यांत कोंब येतो. कधी महिना उलटतो, तरी उकरून पाहू नका. मातीतून वर आलेला कोंब पेन्सिलीच्या टोकासारखा, हिरवट, रसरशीत आणि अतिशय कडकडीत असतो. बोटाच्या धक्क्यानं तो मोडतो. मोडला की त्या फाट्याचं यंदाचं फूल बहुधा गेलंच. त्यामुळे आधाराच्या काड्या कंद लावतानाच रोवून ठेवायच्या. कोंब आल्यावर काठी खुपसायला गेलात तर खाली कंदाला भोक पडेल, वर कोंब मोडेल.

आधाराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथेच बरेच जण फसतात. कळलावी मोगऱ्यासारखी टेकून राहत नाही आणि गारवेलासारखी खोडानं पीळ घालत नाही. तिच्या पानाचं टोकच लांबून बारीक स्प्रिंगसारखं वळतं आणि त्यानं ती आधार पकडते. सुरुवातीची खालची पानं साध्या टोकाची असतात. वेल हातभर झाला की नव्या पानांची टोकं वळायला लागतात, आणि एखादं टोक काडीला लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे एक-दोन वेढे पडलेले दिसतात. पण हा वेढा लहान असतो. उदबत्तीपासून पेन्सिलीपर्यंतच्या जाडीला तो नीट बसतो. जाड बांबू, पीव्हीसी पाइप, जिन्याचा कठडा तिला पकडताच येत नाही. मग वेल लोळतो आणि लोक म्हणतात की ऊन कमी पडलं. तुराट्या किंवा मेंदीच्या वाळक्या फांद्या सर्वांत उत्तम, कारण त्यांना बारीक उपफांद्या असतात. नाहीतर तारेची जाळी. रानात ती करवंदीच्या जाळीत का दिसते ते यावरून कळेल, तिला तसलंच दाट, बारीक काड्यांचं जंजाळ हवं असतं. बागेत एखादं मध्यम उंचीचं झुडूप असेल तर कुंडी त्याच्या कडेला ठेवा, कळलावी त्यातून वर जाऊन माथ्यावर फुलते आणि झुडपाला काही त्रास देत नाही. वेल सहा ते दहा फूट जातो.

डोक्यावर ऊन आणि पायाशी सावली, हे सूत्र. चार-पाच तासांचं ऊन मिळालं तर फुलं भरपूर येतात. कुंडी मात्र तापू देऊ नका, तिच्याभोवती दुसऱ्या कुंड्या लावून टाका.

दुष्काळ सोसणारं झाड म्हणून पावसाळ्यात तिला वाऱ्यावर सोडू नका, हे आवर्जून सांगते. तिची सोसायची ताकद झोपेतली आहे, जागेपणी ती साधीच पाणी पिणारी वेल आहे. जुलै-ऑगस्टात पावसानं ओढ दिली आणि वरची दोन इंच माती सुकली की पाणी द्यायचंच. कळ्या धरलेल्या असताना ताण पडला तर कळ्या पिवळ्या होऊन गळतात. खत फार लागत नाही. लावताना मिश्रणात जे घातलं ते, आणि कळ्या दिसू लागल्या की मूठभर लाकडाची राख मातीवर पसरून. नत्राचं खत जास्त झालं तर वेल हिरवागार, लांबलचक होतो आणि फुलं मोजकीच येतात.

फूल उमलताना पाहायला मात्र वेळ काढा. कळी हिरवी, खाली मान घातलेली. उमलताना सहाही पाकळ्या खालून वर उलटतात आणि देठाकडे वळून उभ्या राहतात, ज्वाळेसारख्या. पहिल्या दिवशी रंग हिरवट पिवळा. मग बुडाकडे पिवळा आणि टोकाकडे शेंदरी, आणि आठवडाभरात सगळं फूल लालभडक. एकाच वेलावर खालचं फूल लाल, मधलं शेंदरी-पिवळं, वरचं हिरवट, असे सगळे टप्पे एकदम दिसतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात. आणि स्त्रीकेसराकडे नीट पाहा, तो बुडाशीच काटकोनात मोडल्यासारखा एका बाजूला वळलेला असतो. फुलपाखरू पाकळीच्या बुडाशी मध शोधतं तेव्हा त्याचे पंख बाहेर पसरलेल्या परागकोशांना घासतात, आणि पुढच्या फुलावर तेच पंख बाजूला वळलेल्या त्या टोकाला लागतात. इतकी लांबवरची मांडणी असल्यानं बी आपोआप फार कमी धरतं, म्हणूनच शेतीत परागीकरण हातानं करतात. तुम्हाला बी हवं असेल तर सकाळी मऊ कुंचल्यानं एका वेलाचा पराग दुसऱ्या वेलाच्या फुलावर लावा. नको असेल तर फूल सुकल्यावर धरलेलं हिरवं बोंड खुडून टाका, तेवढी ताकद कंदात जाते. कुत्रा आहे म्हणून तुमच्याकडे मी बोंडं खुडायलाच सांगेन. पिकलेलं बोंड तीन भागांत उकलतं आणि आतल्या नारिंगी-लाल बिया टपोऱ्या मण्यांसारख्या खाली पडतात, आणि त्या मुलांच्याही डोळ्यांत भरतात.

बियांपासून कळलावी होते, पण तीन-चार वर्षं फुलाची वाट पाहावी लागते. बी महिनोन्‌महिने मातीत पडून राहतं आणि एकदम न उगवता मागेपुढे उगवतं. वरचं लाल आवरण धुऊन काढून, वाळवून, पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी पेरा आणि ती कुंडी दोन पावसाळे तरी टाकून देऊ नका.

किडीत मोठी गोष्ट एकच. जुलैत कधीतरी सकाळी पाहाल तर पानांच्या पट्ट्या गायब आणि शेंड्याला काळ्या अळ्या, अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके. या पतंगाच्या शास्त्रीय नावातच कळलावी आहे, पॉलिटेला ग्लोरिओसी. लहानपणी अळ्या घोळक्यानं खातात, त्या वेळी सापडल्या तर एक-दोन पानांवरच सगळ्या असतात, तेवढी पानं खुडली की काम झालं. मोठ्या झाल्या की पांगतात आणि तीन-चार दिवसांत वेलाचा सांगाडा करतात. मी फवारणी करत नाही, संध्याकाळी चिमट्यानं वेचते. जवळ नागदवणा किंवा लिलीची झाडं असतील तर तीही तपासा, हीच अळी त्यांच्यावरही असते. माझ्याकडे आता सात-आठ कुंड्या आहेत, त्यामुळे कोपऱ्यातली एक मी अळ्यांसाठी सोडून देते. पतंग निघतो तो काळा, लाल, पिवळा, काचेच्या नक्षीसारखा, आणि या मातीत तोही कळलावीइतकाच मूळचा. तुमच्याकडे एक-दोनच वेल असतील तर मात्र वेचाच, पानं गेली की कंद गेला. संततधारेत पानांवर तपकिरी ठिपके येतात, त्याला कुंड्या दाटीनं न ठेवणं आणि ठिपक्यांची पानं काढून टाकणं पुरतं.

आता ऑक्टोबर, जिथे तुमचं चुकलं. सप्टेंबरअखेरीस फुलं सरतात. तेव्हापासून पाणी लांबवत न्या. खालची पानं पिवळी होऊ लागली की दोन पाण्यांमधलं अंतर दुप्पट करा. निम्मी पानं पिवळी झाली की पाणी बंद, पूर्ण बंद. त्यानंतर वेल वाळताना कितीही केविलवाणा दिसला तरी बघत राहायचं. तो वरचं सगळं खाली कंदात उतरवत असतो. खोड तपकिरी, पोकळ झालं आणि हलकं ओढताच सुटून हातात आलं की झोप लागली असं समजा. साधारण डिसेंबरचा पहिला पंधरवडा. सुटलेला वेल गोळा करून कुत्र्याच्या, गुरांच्या वाटेत येणार नाही असा टाका.

कंद दरवर्षी काढायची गरज नाही. कुंडीतच कोरडे ठेवायचे, दोन वर्षांतून एकदा काढून मोकळे करायचे, कारण दर फाट्यातून नवा दुफाट्या कंद झाला की कुंडीत दाटी होते. काढायचे असतील ते जानेवारीत, माती पूर्ण सुकल्यावर. खुरपं घालू नका. कुंडी आडवी करून माती सुटी पाडा आणि हातानं वेचा. फाटे सांध्यापाशी सहज सुटत असतील तर वेगळे करा, जखमेला राख लावून दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग कोरड्या वाळूत पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेत तर घाम सुटून कुजतील. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘विषारी’ लिहा आणि ते कांदे-बटाट्यांच्या जवळपास, स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवू नका.

तुम्ही कंद काढणार नसाल, तर मी जे करते ते करा. नुसत्या मातीनं भरलेली, रिकामी दिसणारी कुंडी ओळीत उभी असली की घरातलं कुणीतरी बाकीच्यांना पाणी घालता घालता तिलाही घालतंच. मी डिसेंबरात वेल सुटला की कुंडी ओळीतून काढते आणि जिन्याखाली, भिंतीकडेला, जाळी बांधलेली तशीच आडवी पाडून ठेवते. आडव्या कुंडीत कुणी पाणी घालत नाही आणि अवकाळी पाऊसही आत शिरत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती उभी करायची, वरची दोन बोटं माती काढून नवं खत भरायचं आणि तुराट्या रोवून ठेवायच्या.